तेलाची हद्द

जबलपूरहून डिंडोरी-अमरकंटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंडम लागते. हिरन नदी इथेच उगम पावते आणि पुढे नर्मदेला मिळते. आसपास गोंड आणि कोलांच्या वस्त्या आहेत, आणि वस्त्यांभोवती मोहाची झाडे. चैत्रात पहाटे मोहफुले वेचली जातात. तो हंगाम संपला की दीड-दोन महिन्यांनी फळे पिकतात, बिया फुटतात आणि दुसरी वेचणी सुरू होते. या बीला इथे गुल्ली म्हणतात, आपल्या गडचिरोलीकडे टोळी. ती फोडायची, आतला गर उन्हात वाळवायचा, कुटायचा, वाफवायचा आणि दाबून तेल काढायचे. फिकट पिवळे, जड असे हे तेल थंडी पडली की भांड्यात तुपासारखे थिजते. ते भाजीत पडते, दिव्यात जळते, आणि उरलेले पायांच्या भेगांना, काट्याने ओरखडलेल्या पोटऱ्यांना, लाकूड वाहून सोललेल्या खांद्याला लागते.

हे पुस्तक या उरलेल्या तेलाबद्दल आहे. मोहाच्या तेलापासून ते सुरू होते आणि करंज, कडुनिंब, तीळ, खोबरे, उंडी, कोकम, करडई, रोशा गवत अशा आपल्या ओळखीच्या सगळ्या तेलांपर्यंत पोचते. प्रश्न एकच आहे. खरचटणे, सोलवटणे, भेगा, साधे ओरखडे, किडा चावल्याची खाज अशा किरकोळ इजांवर झाडाचे तेल खरोखर काय करते, आणि कुठे थांबले पाहिजे?

मराठी पुस्तकाने कुंडमपासून का सुरुवात करावी, असे कुणी विचारील. जबलपूर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडून १८१७ साली इंग्रजांकडे गेला, आणि १८६१ पासून १९५६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे, त्याची राजधानी नागपूर होती. कचेऱ्या, शाळा, रेल्वे आणि न्यायालये यांच्या निमित्ताने मराठी घरे इथे येऊन राहिली ती कायमची. त्यांच्या फडताळात खोबरेल आणि एरंडेल असे, शेजारच्या घरात गुल्लीचे तेल असे, आणि दोन्हींची देवाणघेवाण होई. याच रस्त्याने पुढे, तेव्हाच्या मंडला जिल्ह्यात करंजिया इथे, १९३२ साली व्हेरियर एल्विन आणि शामराव हिवाळे यांनी गोंडांमध्ये काम सुरू केले. एल्विनचे नाव जगभर झाले. हिवाळे हे मराठी माणूस, त्या कामाचा दुसरा खांब, दवाखान्यात रोज जखमा बघणारा. त्यांचे ‘द परधान्स ऑफ द अपर नर्बदा व्हॅली’ हे पुस्तक १९४६ चे. मराठीत त्यांच्याविषयी फार थोडे लिहिले गेले याचे मला वाईट वाटते, आणि या पुस्तकाच्या निमित्ताने त्यांचे नाव इथे यावे अशी माझी इच्छा होती.

विषयात नव्याने शिरणाऱ्याने आधी एक भेद नीट समजून घ्यावा, कारण बाजारात सर्वांत जास्त गोंधळ त्याच्यावरच होतो. बिया किंवा गर दाबून निघते ते स्थिर तेल. ते चरबी असते, उडून जात नाही, कातडीवर थर धरते. तीळ, खोबरे, मोह, करंज ही सगळी या घरातली. पाने, फुले, गवत किंवा साल वाफेवर ऊर्ध्वपातित करून निघते ते उडते तेल. निलगिरी, लवंग, टी ट्री, गवती चहा ही दुसऱ्या घरातली. ही चरबी नव्हे, ही तीव्र वासाची रसायने. थेंबाने मोजायची आणि दुसऱ्या तेलात पातळ करूनच वापरायची. उघड्या जखमेवर निव्वळ टी ट्री किंवा लवंगेचे तेल ओतणे म्हणजे आधीच दुखावलेल्या कातडीला पुन्हा भाजणे आहे. तिसरे घर वैद्यांचे आहे. तिथे स्थिर तेलात वनस्पतींचा कल्क आणि काढा घालून ते सिद्ध करतात. बाटलीवर फक्त ‘हर्बल ऑइल’ असे लिहिलेले असले, तर आतले तेल या तिन्हींपैकी कोणते आहे हे विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

स्थिर तेलांचा स्वभाव त्यांच्या स्निग्धाम्लांवरून कळतो. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. काही जिवाणूंवर त्याचा परिणाम होतो हे प्रयोगशाळेत दिसले आहे. तिळात सेसामिनसारखी द्रव्ये असल्याने तिळाचे तेल लवकर खवट होत नाही; वैद्यांनी सिद्ध तेलांसाठी बहुतेक वेळा तीळच का निवडला याचे हे एक चांगले कारण असावे. करडईच्या जुन्या वाणांत लिनोलिक आम्ल भरपूर असते, आणि कातडीचा सर्वांत वरचा थर सांधायला नेमके हेच आम्ल लागते. मराठवाड्यात आणि सोलापुराकडे पिकणाऱ्या करडईचा या अंगाने विचार झाला नाही, सगळे लक्ष फोडणीवर राहिले. मोहात ओलिक आम्ल जास्त आणि सोबत स्टिअरिक व पामिटिक. म्हणून ते जड, झाकण धरणारे. मात्र ओलिक आम्ल कातडीचा थर थोडा सैल करते, त्यामुळे टाचेच्या राठ कातडीला मानवणारे तेल तान्ह्या बाळाच्या अंगाला मानवेलच असे नाही. कडुनिंब आणि करंज यांचे काम चरबीपेक्षा त्यातल्या कडू द्रव्यांवर चालते. सलीमुझ्झमान सिद्दिकींनी १९४२ साली कडुनिंबाच्या तेलातून निंबिन वेगळे काढले, तेव्हापासून या कडवटपणाचा शास्त्रीय शोध सुरू झाला. करंजातले करंजिन हे त्याच्याच जोडीचे. किनाऱ्यावर उंडी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तिचे गडद हिरवे तेल दिव्यांना आणि होड्यांना लागत असे, दुखऱ्या सांध्यांना आणि खरजेलाही. पॅसिफिक बेटांवर हेच तेल तमानू नावाने जखमांवर वापरतात आणि आज शहरी दुकानांत ते त्याच परक्या नावाने, चढ्या भावाने विकत मिळते. कोकमाच्या बियांपासून गोव्यात आणि दक्षिण कोकणात काढलेले घट्ट तेल थंडीत फुटलेल्या ओठांना आणि टाचांना लावतात. या साध्या कामात त्याच्या तोडीचे दुसरे तेल मला तरी माहीत नाही.

उडत्या तेलांत आपल्या भागाचे खरे वैभव म्हणजे रोशा गवत. खानदेशात नंदुरबार-पिंपळनेरकडे, निमाडात, बैतूलकडे हे गवत माजते. पावसाळा सरताना ते फुलोऱ्यावर आले की ओढ्याकाठी भट्ट्या लागत आणि गवतातून गुलाबासारख्या वासाचे तेल निघे. मुंबई बंदरातून ते तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. ज्या अत्तराचे नाव जगभर गाजत होते, त्यातला काही सुगंध आपल्या माळरानांचा होता. यातले मुख्य द्रव्य जिरानिऑल. घरोघरी हे तेल दुखऱ्या सांध्यांवर चोळत. खरचटल्यावर ते नुसते लावू नये, हेही चोळणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असे.

वैद्यकाची परंपरा आता पाहू. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणाचे दोन प्रकार सांगितले, शरीरातून उठणारा आणि बाहेरच्या आघाताने होणारा, आणि त्यावर साठ उपक्रम दिले. त्या साठांत तेल आहे, तूप आहे, लेप आहे, बांधणे आहे. पण क्रम ठरलेला आहे. आधी शोधन, मग रोपण. जखम स्वच्छ झाल्याशिवाय ती भरून आणणारे द्रव्य लावायचे नाही. या पुस्तकातले कित्येक लेख वाचताना मला जाणवले, की घरगुती उपचारात चूक होते ती बहुतेक वेळा इथेच. तेल चुकीचे नसते, ते धुण्याच्या आधी लावलेले असते.

शार्ङ्गधराने तेल सिद्ध करण्याची रीत इतकी नेमकी दिली आहे की आजच्या औषधशाळेतही तीच चालते. एक भाग कल्क, चार भाग तेल, सोळा भाग द्रव. मंद आचेवर पाणी आटवायचे. कल्क बोटांत वळला की त्याची वात झाली पाहिजे, तो विस्तवावर टाकला तर तडतडता कामा नये, आणि तेलावर फेस यायला लागला की पाक झाला; तूप असेल तर उलट, फेस विरला पाहिजे. तडतडले तर पाणी शिल्लक आहे, ते तेल लवकर बिघडेल. जातीची पाने, कडुनिंब, करंज, पटोल, हळद घालून केलेले जात्यादी तेल याच रीतीचे. त्यात तुत्थ म्हणजे मोरचूदही असते, आणि म्हणून ‘झाडपाल्याचे, त्यामुळे निर्धोक’ हे वाक्य जात्यादीला लागू होत नाही. वैद्याला विचारून, ठरल्या जागी, ठरले दिवस, अशीच त्याची शिस्त आहे.

छापील पुस्तकांत ही विद्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली. मुंबईत विल्यम डिमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्यासह १८९० ते १८९३ या काळात ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ काढली. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’ने मराठी घरांना औषधी वनस्पतींची ओळख करून दिली. लष्करी सर्जन कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचा बामनदास बसूंबरोबरचा वनस्पतींचा मोठा ग्रंथ कीर्तिकरांच्या मृत्यूनंतर १९१८ साली निघाला. डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ १९२७ चा. या सगळ्यांत तेलांच्या नोंदी आहेत. जंगलात ते तेल कोण काढते आणि कसे लावते, याची नोंद मात्र ओझरती.

युरोपातही तेलाचा इतिहास जखमांपासून दूर नाही. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यवैद्य गोळीच्या जखमेत उकळते तेल ओतत, कारण बंदुकीची दारू विषारी असते असे मानले जाई. १५३७ च्या सुमारास आम्ब्रोआज पारे याच्याजवळचे तेल युद्धभूमीवर संपले. त्याने नाइलाजाने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन लावले. सकाळी पाहतो तो हे सैनिक शांत झोपलेले, उकळते तेल घातलेले मात्र तापाने आणि सुजेने तळमळत होते. पुढे १८६५ मध्ये ग्लासगोला जोसेफ लिस्टरने निर्जंतुक शस्त्रक्रियेची सुरुवात केली, तेव्हा त्याच्या पट्टीत कार्बोलिक आम्लाबरोबर जवसाचे तेल होते. जंतूंना मारले आम्लाने. ते आम्ल जखमेवर टिकवून धरले तेलाने.

स्कॉटलंडमध्ये कॅरन नावाचा लोखंडाचा कारखाना होता. तिथले कामगार भाजले की जवसाचे तेल आणि चुन्याची निवळी फेटून लावत, आणि पुढे ते मिश्रण औषधकोशांतही गेले. मराठी वाचक इथे क्षणभर थबकेल, कारण चुन्याची निवळी आणि खोबरेल तेल फेटून भाजल्यावर लावणे हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेले आहे. दोन लांबच्या समाजांनी एकाच गोष्टीवर बोट ठेवले, तर ती बरोबरच असणार असे मानायचा मोह होतो. तो आवरावा. डॉक्टरांनी हे मिश्रण केव्हाच सोडले आहे, आणि सोडले ते योग्य केले. ताज्या भाजण्यावर पहिले औषध वाहते थंड पाणी, वीसएक मिनिटे. तेल लावले तर कातडीतली उष्णता आतच कोंडते आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तूप यांनाही हेच लागू.

एका कथेचाही इथे निकाल लावू. सुगंधी तेलांच्या बहुतेक पुस्तिका सांगतात, की गातफोसे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा हात भाजला, त्याने तो लॅव्हेंडरच्या भांड्यात बुडवला आणि हात झटक्यात बरा झाला. त्याने स्वतः लिहिलेली हकीकत निराळी आहे. १९१० च्या प्रयोगशाळेतल्या स्फोटानंतर त्याच्या जखमा सडू लागल्या आणि मग त्याने लॅव्हेंडर वापरले. भाजल्यावरचा प्रथमोपचार तो नव्हता.

आधुनिक संशोधनाने तेलाला दोन मोठे आधार दिले. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेली उथळ जखम उघडी टाकून खपली धरलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते. ‘जखमेला वारा लागू दे’ या आपल्या जुन्या सल्ल्याला हा धक्का होता. तेलाचा थर, स्वच्छ जखमेवर, पट्टीखाली, हे ओलसरपण टिकवायला मदत करतो. दुसरा आधार बांगलादेशातला. ढाका शिशु रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अंगाला सूर्यफुलाचे तेल लावले, आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रुग्णालयात होणाऱ्या जंतुसंसर्गाचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसला. याच संशोधकांच्या आधीच्या प्रयोगांत, उंदरांच्या कातडीवर, मोहरीच्या तेलाने थर सांधण्याचे काम लांबवले होते. उत्तरेकडे बाळाला मोहरीच्या तेलाने चोळण्याची प्रथा फार जुनी आहे. प्रथा जुनी आहे म्हणून प्रयोगाकडे डोळेझाक करता येणार नाही, आणि सूर्यफुलाला यश आले म्हणून ते आपोआप मोहालाही देता येणार नाही. प्रत्येक तेलाला स्वतःचा पुरावा मिळवावा लागतो.

या पुस्तकात ‘लावू नये’ हे शब्द पुष्कळदा येतील, आणि ते जाणूनबुजून ठेवले आहेत. खोल टोचलेल्या जखमेत तेल भरू नका. धनुर्वाताच्या जंतूला हवा नसलेली जागाच हवी असते. अशी जखम धुवावी आणि धनुर्वाताची लस घ्यावी. कुत्रा चावला तर तेल, तिखट, हळद, चुना काही नाही. पंधरा मिनिटे साबण आणि वाहते पाणी, आणि त्याच दिवशी रेबीजची लस. हे वाक्य कुंडमच्या हाटात आणि आपल्या प्रत्येक गावच्या पारावर लिहून लावावे असे मला वाटते, कारण जखमेवर तिखट भरून लस न घेतलेली माणसे या देशात अजून मरतात. मधुमेह्याच्या पायाची भेग ही किरकोळ जखम नव्हे. बाळाच्या नाळेला कुठलेही तेल नको. कडुनिंबाचे तेल लहान मुलांना पाजल्याने मेंदूवर गंभीर परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे ते बाहेरूनच. आणि बिब्बा. टाचेच्या भेगेत बिब्ब्याचे तेल सोडणारी माणसे विदर्भात आणि महाकोशलात दोन्हीकडे भेटतात. ते तेल कातडी जाळते. बिब्बा उतला की फोड येतात, चट्टे पडतात, आणि ज्यांना तो सोसत नाही त्यांचे सगळे अंग सुजते. जाणत्या वैद्याच्या हातातले द्रव्य घरगुती वापरात आणू नये.

आज या पुस्तकाची निकड का आहे, त्याचे एक कारण औषधाच्या दुकानात आहे. चिठ्ठीशिवाय मिळणारी, स्टिरॉइड घातलेली मिश्र मलमे खेड्यापाड्यांत पोचली आहेत. गजकर्णावर ती लावली की खाज थांबते, बुरशी आत पसरते, आणि आता नेहमीच्या औषधांना दाद न देणारे गजकर्ण भारतभर त्वचारोगतज्ज्ञांची डोकेदुखी झाले आहे. दुसऱ्या बाजूला ‘व्हर्जिन’, ‘कोल्ड प्रेस्ड’ अशा बाटल्यांवर कुठलाही रोग बरा करण्याचे दावे आहेत. असे दावे रोखण्यासाठी १९५४ चा कायदा आहे, पण त्याची आठवण क्वचितच होते. साध्या तेलाची साधी जागा या दोन्हींमध्ये हरवली आहे.

आणि प्रश्न मालकीचाही आहे. हळदीने जखम भरते, यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुने ग्रंथ पुरावा म्हणून मांडले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. कडुनिंबाच्या तेलापासूनच्या बुरशीनाशकाचे युरोपीय पेटंट २००० मध्ये रद्द झाले आणि २००५ मध्ये अपिलातही तोच निकाल टिकला. हळदीच्या वेळी कामी आले ते लिहिलेले. गुल्लीच्या तेलाचे ज्ञान बहुतांशी तोंडी आहे, आणि ते बायकांकडे आहे. मोहाच्या, करंजाच्या आणि सालाच्या बियांना २०१३-१४ पासून किमान आधारभूत किमतीच्या योजनेत जागा मिळाली. तरी पुष्कळ घरे आता गुल्ली तशीच व्यापाऱ्याला देतात आणि त्या पैशातून डब्यातले तेल आणतात. फुले वेचण्यासाठी झाडाखाली पाचोळा पेटवतात, त्यात नवी रोपे जळतात. जुनी झाडे उभी आहेत, त्यांच्या खाली तरुण झाडे दिसत नाहीत.

पुस्तकाचे संपादन करताना लेखकांपुढे एकच अट होती. प्रत्येक तेलासाठी झाड, काढण्याची रीत, लावण्याची जागा, पुरावा आणि मर्यादा, या पाचही गोष्टी यायला हव्यात. ज्या तेलाचा पुरावा फक्त परंपरेचा आहे तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे. वैद्य, त्वचारोगतज्ज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि खेड्यांत काम करणारे कार्यकर्ते इथे एकत्र आले आहेत आणि पुष्कळ ठिकाणी त्यांचे एकमेकांशी पटत नाही. ते मतभेद आम्ही मिटवले नाहीत. वाचकाने दोन्ही बाजू वाचाव्यात. हे पुस्तक डॉक्टरऐवजी वापरायचे नाही. घरातल्या लहानशा जखमेपुढे काय करावे आणि केव्हा उठून दवाखान्यात जावे, एवढे ते सांगते.

एक काम मात्र पुस्तकाने होणारे नाही. तिळाच्या आणि खोबरेल तेलाच्या तुलनेत मोहाच्या तेलाचा माणसांवरचा अभ्यास फारच थोडा आहे. जबलपुरात १९६३ पासून राज्य वन संशोधन संस्था आहे, १९८८ पासून उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था आहे, मोठे वैद्यकीय महाविद्यालय आहे, आयुर्वेद महाविद्यालयही आहे, आणि कुंडम तिथून पन्नासएक किलोमीटरवर आहे. टाचांच्या भेगांवर गुल्लीचे तेल आणि साधे व्हॅसलिन, दोन्ही एका हिवाळ्यात, निम्म्या पायांना हे आणि निम्म्या पायांना ते, असा अभ्यास करायला फार खर्च लागत नाही. ज्या बायका हे तेल काढतात त्यांना त्यात भागीदार करावे, निकाल आधी त्यांना त्यांच्या भाषेत सांगावा, आणि तो तेलाच्या विरुद्ध गेला तरी छापावा.